आर्केड पॅनलवरच्या ॲक्रिलिकची धार कशी मोडायची

घरी बनवलेल्या आर्केड पॅनलवर, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या बटणं-जॉयस्टिकच्या फळीवर, सगळ्यात जास्त छळते ती पुढची कड. खेळताना मनगटं तिथेच टेकतात, आणि प्लायवर बसवलेली ३ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट नेमकी तिथेच बोचते. भाच्याने कोपरखैरण्याच्या घरी पॅनल जोडला, तेव्हा त्याची शीट लेझरने कापलेली होती. कडा चकचकीत, म्हणून तो निर्धास्त. पण लेझरची कड कितीही गुळगुळीत असली तरी तिचा कोपरा काटकोनातच राहतो, आणि हाताला लागतो तो कोपराच.

मी रबाळ्याला टूलरूममध्ये फिटर होतो. तुकडा कापला की आधी त्याची धार मोडायची, मग पुढचं काम, ही सवय हाडात मुरलेली. चमकेचं नंतर बघू.

शीट पॅनलवरून काढा. वरची संरक्षक फिल्म तशीच असू द्या, निघाली असेल तर कडेलगत मास्किंग टेप लावा, नाहीतर पडलेला कीस पृष्ठभागावर ओरखडे काढतो. आता दोन सरळ फळ्यांमध्ये शीट घट्ट धरा. कड फळीच्या वर जेमतेम ५ मिलिमीटर यावी. जास्त बाहेर ठेवली की शीट थरथरते आणि कडेचे टवके उडतात.

बहुतेक जण इथे पॉलिश पेपर हातात घेतात. मी हॅक्सॉ ब्लेड घेतो, तेही दाताच्या बाजूने नाही, पाठीने. पाठ दगडावर घासून तिच्या कडा काटकोनात आणा. ब्लेड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे किंचित कलवा आणि कडेवरून एका दमात ओढा. बारीक, कुरळी साल सुटायला हवी. नुसती भुकटी पडत असेल तर कल बदला किंवा पाठ पुन्हा घासा. करवतीने कापलेली शीट असेल तर दातांच्या रेघा जाईपर्यंत सपाट बाजूही अशीच खरवडा. लेझरच्या शीटला त्याची गरज नाही, थेट कोपऱ्यावर या. ब्लेड ४५ अंशांत धरून मिलिमीटरभर चॅम्फर, म्हणजे तिरपा उतार मारा, मग त्या चॅम्फरच्या वर आणि खाली तयार झालेल्या दोन्ही कडा हलक्या हाताने मोडा. झालं की नायलॉनचा जुना मोजा कडेवरून फिरवा. धागा अडकला तिथे धार शिल्लक आहे.

शीटचे पुढचे डावे-उजवे कोपरे टोकदार ठेवू नका. एक रुपयाचं नाणं ठेवून गोलाई आखा आणि बारीक दाताच्या कानशीने एकाच दिशेने घासा. कानशीवर आधी खडू चोळला तर दातांत कीस अडकत नाही.

३० मिलिमीटरच्या बटणांच्या भोकांवर फार वेळ घालवू नका, बटणाची कॉलर, म्हणजे वरची रुंद कड, ती झाकते. फक्त आतली खाच तेवढी काढा, कारण ॲक्रिलिकला तडा जातो तो अशाच खाचेपासून. पेन्सिलीला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवला की पुरतं. जॉयस्टिकचं भोक मात्र मन लावून करा. दांड्याबरोबर त्यावर वॉशर सतत सरकत असतो.

मग वॉटर पेपर: ३२०, ४००, ६००, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. माझ्या मते पुढची कड ६०० वरच सोडावी. मॅट कड हाताला छान लागते आणि तिच्यावर ओरखडे दिसत नाहीत. बाजूंना काचेसारखी चमक हवीच असेल तर १०००, २००० आणि शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड.

गॅस टॉर्चची ज्योत फिरवून झटपट चमक आणायचा मोह भाच्यालाही झाला होता. चमक येते, पण कडेत ताण अडकतो, आणि पुढे कधी स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसलं की बारीक तडे उमटतात. लेझरच्या कडेतही तो ताण असतोच. म्हणून स्पिरिट, थिनर, काच पुसायचा स्प्रे, सगळं लांब ठेवा. भांड्याच्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. शीटखाली छापील चित्र लावणार असाल तर धुतलेली शीट त्यावर ठेवण्याआधी रात्रभर पंख्याखाली वाळवा. आपल्याकडे पावसाळ्यात भोकांच्या कडेला राहिलेला एखादा थेंबही कागदात उतरतो आणि शाई पसरते.