बीटवर नव्याने रुजू होताय? पोषण ट्रॅकर आणि मासिक अहवालाविषयी थोडं

मुख्यसेविका म्हणून, म्हणजे अंगणवाड्यांच्या एका गटावर (बीटवर) देखरेख करायला नव्याने रुजू झालेल्या मुलींचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पोषण ट्रॅकरचाच, म्हणजे हजेरी आणि मुलांची वजन-उंची भरायच्या सरकारी ॲपचाच असतो. "मॅडम, माझं बीट मापनात मागे दिसतंय, काय करू?" आज अंगणवाडीत मुलं किती बसली होती, याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. दोष त्यांचा नाही. स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या मुलीला रुजू झाल्या झाल्या आढावा बैठकीला बसवतात. समोर पडद्यावर बीटनिहाय टक्केवारी असते आणि खालून पहिल्या तीन बीटना उभं करून विचारणा होते. मग तिला वाटतं, नोकरी म्हणजे ती टक्केवारीच. मी आधी सेविका होते, नंतर मुख्यसेविका झाले. माहिती भरणं आणि तपासणं दोन्ही केलंय, म्हणून चार गोष्टी लिहिते.

आधी पैशाचं समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना पूरक आहार हक्काने मिळू लागला. २०१७ ला ठरलेल्या दरांप्रमाणे मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर-स्तनदा मातेमागे साडेनऊ आणि अतितीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये धरले गेले. आपल्या महाराष्ट्रात आहाराचा हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. म्हणजे सेविका मोबाइलवर हजेरीची खूण करते तेव्हा ती सरकारी तिजोरीतल्या रकमेचा आकडा लिहीत असते. बावीस मुलं बसलेली असताना तीस लागली तर दिवसाचे ६४ रुपये न जेवलेल्या मुलांच्या नावावर पडतात, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,६००. एका अंगणवाडीचे. राज्यात अंगणवाड्या आहेत सुमारे १ लाख १० हजार.

गरम ताजा आहार बहुतेक गावांत महिला बचत गट शिजवतो आणि त्यांचं बिल हजेरीवरच निघतं. गटाची अध्यक्ष कधी सरपंचांची भावजय असते, कधी सेविकेची शेजारीण. "ताई, दोनचार जास्त लावा, तेल महागलंय" हे वाक्य प्रत्येक सेविकेने ऐकलेलं असतं. तेल खरंच महागलेलं असतं, आणि बिलंही वेळेवर निघत नाहीत, हेही खरं. पण त्याचा इलाज हजेरीत शोधायचा नाही. थकीत बिलाचा पाठपुरावा तुम्ही बालविकास प्रकल्प कार्यालयात करा, गटाला तसं तोंडावर सांगा. बिलासाठी मॅडम भांडतात हे दिसलं की सेविकेवरचा दबाव बराच उतरतो.

आता यादी. ॲपमध्ये लाभार्थींचे गट आहेत: गरोदर, स्तनदा, शून्य ते सहा महिने, सहा महिने ते तीन वर्षं, तीन ते सहा वर्षं. माणसं या गटांतून पुढे सरकत असतात आणि गडबड नेमकी तिथे होते. प्रसूतीची नोंद राहिली की बाई अकराव्या महिन्यातही गरोदरच दिसते आणि तिचं बाळ सरकारच्या लेखी जन्मलेलंच नसतं. बाळाचं वजन नाही, सहा महिने पूर्ण झाल्यावर त्याचा घरपोच आहार (घरी न्यायची पाकिटं) नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात बीटमधल्या सगळ्या गरोदर मातांची शेवटच्या पाळीची तारीख बघून घ्या. नऊ महिने उलटून गेलेली नावं वेगळी काढा आणि सेविकेला एकेक विचारा. निम्म्या वेळा उत्तर येतं, "माहेरी गेलीय."

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. नोंद सासरच्या अंगणवाडीत, बाळ माहेरच्या गावात. माहेरची सेविका नव्याने नाव घालायला गेली की आधार आधीच नोंदलेलं असल्याचं ॲप सांगतं. मग दोन्हीकडे गप्प बसतात. सासरची म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती माझी नाही. स्थलांतराची सोय ॲपमध्ये आहे, पण ती वापरण्यासाठी दोन सेविकांनी एकमेकींना फोन करावा लागतो, आणि बीट वेगळं असेल तर तो फोन तुम्हीच लावून दिलेला बरा. आणखी एक, बाळाचं आधार नाही म्हणून त्याची नोंद अडवून ठेवू नका. आईच्या आधारावर नोंद होते.

तीन वर्षांनंतरची अडचण निराळी. घरपोच आहार बंद होतो, गरम आहार सुरू होतो, आणि मूल मात्र तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीच्या पिवळ्या गाडीत बसून निघून जातं. यादीत आहे, हजेरीत नाही. अशा मुलाला रोज हजर लावायचं नाही आणि यादीतून परस्पर उडवायचंही नाही. त्याचं वजन-उंची आपल्याकडेच व्हायला हवी. सुट्टीच्या दिवशी बोलवा, नाहीतर संध्याकाळच्या गृहभेटीत करा.

मापनावर जरा जास्त लिहिते, कारण अहवालातले सगळ्यात महागडे आकडे तेच.

दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून लांबी घ्यायची, वरच्याला उभं करून उंची. उभं राहू शकतंय म्हणून दीड वर्षाच्या मुलाला भिंतीला टेकवलं तर उंची साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी येते. झोपवून लांबी घ्यायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला आणि एक गुडघे सरळ ठेवायला. मदतनीस स्वयंपाकघरात असेल तर सेविका एकटीच झटापट करते आणि अंदाजे आकडा टाकते. वेणी, बो, डोक्यावरची टोपी, पायातले वाळे, हे सगळं काढायला सांगा. काटा दर मुलाआधी शून्यावर आलाय का बघा.

एका अंगणवाडीत साडेतीन वर्षांच्या मुलाची उंची मागच्या महिन्यात ८७ होती आणि या महिन्यात ८४ आली. मूल आखडत नाही. सेविका हुशार आणि प्रामाणिक, आकडा मनाने टाकणारी नव्हे. मी खाली बसून बघितलं तर रंगकाम झाल्यावर स्टेडिओमीटर (उंची मोजायची पट्टी) दुसऱ्या भिंतीला लावलेला होता आणि त्या कोपऱ्यातली शहाबादी फरशी खचलेली. पट्टी जिथल्या तिथे, मूल खड्ड्यात. आता यात फरक काय पडतो ते नीट समजून घ्या. सॅम (अतितीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) मुलं ठरतात उंचीच्या मानाने वजन किती यावर. उंची कमी लागली की त्या उंचीला अपेक्षित वजनही कमी धरलं जातं, आणि रोडावलेलं मूल ॲपमध्ये हिरवं, म्हणजे ठीक, दिसतं. हिरवं दिसलं की ग्राम बाल विकास केंद्रात त्याचं नाव येत नाही, जादा आहार नाही, डॉक्टरांची तपासणी नाही. उलट उंची चुकून जास्त लागली तर चांगलं धडधाकट मूल सॅम ठरतं आणि आईची झोप उडते. तीन सेंटिमीटरमध्ये एवढं सगळं होतं.

म्हणून बीटची यादी बघताना मी टक्केवारी शेवटी बघते. आधी उंची घटलेली मुलं शोधते. मग सलग दोन महिने वजन-उंची अगदी तीच असलेली मुलं, कारण ते आकडे बहुधा मागच्या महिन्यावरून उतरवलेले असतात. मग सगळी वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवरच संपणारी अंगणवाडी. काट्यावर खरोखर मूल ठेवलं तर ९.३ येतं, १०.७ येतं, सगळीकडे ९.५ आणि १० दिसलं की समजायचं, आकडे बसल्या जागी भरलेत. संशय आला तर सेविकेला बोलू नका, दंडघेराची पट्टी घेऊन जा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ॲप काहीही म्हणो, त्याच दिवशी पुन्हा वजन-उंची घ्या आणि आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना कळवा.

नीट मापन सुरू झालं की पहिल्या दोन महिन्यांत तुमच्या बीटमध्ये लाल, म्हणजे कुपोषित दिसणारी, मुलं वाढतील. वाढणारच. मूल काल रोडावलं नाही, दिसायला आज लागलं. बैठकीत "तुमच्याकडेच एकदम कसं वाढलं?" असं विचारतील. तेव्हा घाबरून पुढच्या महिन्यात आकडे सुधारून आणणाऱ्या मुली मी बघितल्यात. तसं करू नका. जाताना फेरमापनाची यादी बरोबर न्या: मुलाचं वय, जुनं माप, नवं माप, दंडघेर, पुढे काय केलं. कागद समोर ठेवला की आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे. नेहमी येतोच असं नाही.

चेहरा पडताळणीचं प्रकरण नवं. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी ती सक्तीची झाली. आधी आईची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायची, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाइल असतो नवऱ्याकडे. नवरा कंपनीत, पुण्याला. फोन उचलला तरी म्हणतो, ओटीपी कुणाला द्यायचा नाही असं बँकवाले सांगतात. बरोबरच सांगतात! म्हणून हे काम वाटपाच्या दिवशी काढू नका. रांग लागलेली, ऊन चढलेलं, रेंज नाही, आणि पाकीट न्यायला आई येतच नाही, सासू येते. त्याआधीच्या आठवड्यात रविवारी, किंवा घरचे पुरुष यात्रेला गावी आलेले असतात तेव्हा, सेविकेबरोबर चार घरं फिरून ई-केवायसी उरकून घ्या. पडताळणी होत नाही म्हणून एखाद्या बाळाचा आहार अडला तर ते नाव, तारीख आणि कारण लेखी स्वरूपात प्रकल्प कार्यालयाला द्या. तोंडी सांगितलेली अडचण अहवालात कुठेच उमटत नाही. तांत्रिक तक्रारीसाठी १४४०८ हा हेल्पलाइन नंबरही आहे.

आणि आधारचे फोटो, लाल मुलांच्या याद्या, मुलांचे उघडे-नागडे फोटो बीटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. ग्रुपात कोण कोण असतं ते आपल्यालाही माहीत नसतं.

माझं काम बरीच वर्षं ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात झालं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, गावं रिकामी होतात. नवरा-बायको कोयत्यावर जातात, अंगावरचं बाळ बरोबर, त्याच्यापेक्षा मोठं आजीकडे. इथे सरसकट "स्थलांतरित" करून मोकळं व्हायची घाई नडते, कारण आजीकडे राहिलेलं मूल गावातच आहे आणि त्यालाच अंगणवाडीची जास्त गरज आहे. टोळ्या निघण्याआधी घराघरातून विचारून घ्यावं लागतं: कोण जाणार, कोण राहणार, कारखाना कुठला, फडावर राहणार की कारखान्याच्या तळावर. तळाजवळच्या अंगणवाडीला नाव गेलं तर मुलाला तिथे आहार मिळण्याची शक्यता तरी राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परत येतात, तेव्हा महिन्याच्या ठरलेल्या मापनाची वाट न बघता आल्या आल्या वजन घ्या.

पाळणाघराची अंगणवाडी तुमच्या बीटमध्ये असेल तर तिथे वेगळी शिस्त लागते. २०२२ पासून जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना मिशन शक्तीत 'पालना' नावाने आली. कामावर जाणाऱ्या आयांची सहा महिने ते सहा वर्षांची मुलं दिवसभर तिथे असतात. सकाळच्या अंगणवाडीची हजेरी आणि दिवसभराची हजेरी एकच धरू नका. वहीत येण्याची आणि नेण्याची वेळ लिहायला लावा, नेणाऱ्याची सही घ्या.

सेविकांशी बोलण्याबद्दल एकच सांगते. २०२१ मध्ये याच राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन अडकायचे, ॲप इंग्रजीत, आणि काम अडलं की बोलणी त्यांनाच. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी संप झाला तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. तुमच्या हाताखालची ताई यातून गेलेली आहे. तिला रात्री दहाला "एंट्री पेंडिंग" असा मेसेज टाकण्याआधी तिचा फोन कसा चालतो ते एकदा हातात घेऊन बघा. जागा भरलेली असेल तर जुने व्हिडिओ काढून द्या. तिची वहीही बंद करू नका. ॲप अपडेट होतं, सर्व्हर झोपतो, पण वहीत त्या दिवशीचा आकडा असतो आणि महिनाअखेर मासिक प्रगती अहवाल जुळवताना तोच उपयोगी पडतो.

बहुतेकींना वर्षभरात शेजारच्या रिकाम्या बीटचा अतिरिक्त कार्यभार मिळतोच. पंचवीसच्या पन्नास अंगणवाड्या होतात आणि सगळीकडे जाणं शक्य नसतं. तेव्हा क्रम असा लावा: आधी जिथे सेविकेची जागा रिकामी आहे त्या, मग जिथे सॅम मुलं आहेत त्या, मग जिथे एकही लाल मूल नाही त्या, कारण तिथे मापनच नीट होत नसेल. चांगल्या चालणाऱ्या अंगणवाड्यांना फोनवर सांभाळता येतं. आणि कार्यभार घेताना आधीच्या मॅडमकडून साठा मोजून घ्या, ॲपमधल्या आकड्यावर सही करू नका. पोती, पाकिटं, काटे, चालू-बंद मोबाइल, सगळं वेगवेगळं लिहून दोघींच्या सह्या, आणि एक प्रत स्वतःजवळ.