व्हॅनगार्ड-१ ची घसरण घरबसल्या कशी मोजायची

रिटायर झाल्यावर कोणी सुडोकू सोडवतं, कोणी कुंड्या लावतं. मी पाच नंबरचा उपग्रह सांभाळते. नातू त्याला 'आजीचं पपनस' म्हणतो आणि ते खरंच आहे: व्यास १६.५ सेंटिमीटर, वजन जेमतेम दीड किलो. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने सोडलेला हा व्हॅनगार्ड-१. त्याचा रेडिओ १९६४ सालीच मुका झाला, गोळा मात्र अजून फिरतोय. त्यात हवेची घनता मोजायचं काहीच यंत्र नव्हतं. तरी त्याच्या कक्षेत होणाऱ्या बारीक बदलांवरून शास्त्रज्ञांनी शेकडो किलोमीटर वरच्या विरळ हवेचा अंदाज बांधला. त्यातलं सोपं गणित वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन कोणालाही जमतं.

उपग्रहांच्या कक्षांचे ताजे आकडे देणाऱ्या सेलेस्ट्रॅक या साइटवर नोंदणी क्रमांक ५ शोधा. आकड्यांच्या दोन ओळी येतील. आपल्याला फक्त दुसरी हवी, आणि तिच्यातले दोनच आकडे. ओळीचा नंबर आणि उपग्रहाचा क्रमांक सोडून पुढचा तिसरा आकडा म्हणजे कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे ते. तो सात अंकी असतो आणि दशांशचिन्ह छापलेलंच नसतं, ते आपण पुढे लावायचं: ०.१८४ च्या आसपास. ओळीतला शेवटचा आकडा म्हणजे दिवसाला किती फेऱ्या. इथे नीट बघा. दशांशचिन्हानंतरची आठच घरं आपली. त्यांना चिकटून आलेले अंक एकूण फेऱ्यांची मोजणी आणि ताळ्याचा अंक आहेत. मी पहिले दोन आठवडे ते सगळं एकच समजून उतरवत होते.

समजा फेऱ्या १०.८५ आल्या. १४४० ला त्याने भागा, एका फेरीला १३२.७ मिनिटं. आता सेकंद करा: ७९६३. मी एकदा हे विसरले तर उपग्रह पृथ्वीच्या पोटात, केंद्रापासून ५६२ किलोमीटरवर सापडला! सेकंदांना ६.२८३२ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, ३९८६०० ने (हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा ठरलेला आकडा) गुणा आणि घनमूळ काढा. ८६१९ किलोमीटर येतील, हा लंबवर्तुळाचा अर्धा लांब अक्ष. त्याला (१ − ०.१८४) ने गुणून पृथ्वीची त्रिज्या ६३७८ वजा केली की सर्वांत जवळची उंची ६५५ किलोमीटर. १.१८४ ने गुणून तेच केलं की सर्वांत दूरची, ३८२७.

आता १९५८ चे आकडे शेजारी लिहा: ६५४ आणि ३९६९. जवळचं टोक जागचं हललेलं नाही, दूरचं मात्र सुमारे १४० किलोमीटर खाली आलंय. झोका सगळ्यात खाली येतो तिथे कोणी दर वेळी हलकेच पाय घासला, तर खालची जागा तीच राहते, उंची कमी होते. इथे पाय घासते ती ६५० किलोमीटरवरची हवा. गंमत अशी की घर्षणाने फेरीचा वेळ वाढला नाही, घटला: १३४.२ मिनिटांचा १३२.७ झाला.

दर रविवारी फेऱ्यांचा आकडा तारखेसह लिहा. गोल करू नका, हालचाल दशांशाच्या पाचव्या-सहाव्या घरात असते. चार रविवारांत घाईने निष्कर्षही काढू नका. सहा महिन्यांनी आलेख काढा. रेघ सरळ येणार नाही, कारण सूर्यावरची खळबळ वाढली की वरची हवा तापून फुगते आणि घर्षण वाढतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ लुइजी याकिया यांनी उपग्रहांच्या घसरणीतूनच सूर्याच्या २७ दिवसांच्या फिरण्याचा ठसा ओळखला होता.

पुढे खास वरच्या हवेची घनता मोजायला फुग्यांसारखे उपग्रह सोडले गेले. फेब्रुवारी १९६१ चा एक्सप्लोरर-९ हा ३.६६ मीटर व्यासाचा, वर पांढरे ठिपके रंगवलेला. गोल एवढ्यासाठी की कसाही वळला तरी हवेला भिडणारं क्षेत्रफळ तेवढंच. त्याचा रेडिओ बंद पडला आणि त्याला कॅमेऱ्यांनी शोधावं लागलं. उपग्रह टिपणाऱ्या त्या बेकर-नन कॅमेऱ्यांच्या जाळ्यातला एक आपल्या नैनितालला होता.

हात बसला की क्रमांक ११ घ्या. १७ फेब्रुवारी १९५९ चा व्हॅनगार्ड-२, व्यास ५०.८ सेंटिमीटर, पृथ्वीच्या आणखी जवळून जाणारा. गणित तेच. आमच्याकडे तो नातवाने घेतलाय, आणि दोन रविवार त्याची पानं कोरी आहेत.