जड कामाच्या वेळी संगणक बंद पडतो? या चुका टाळा

व्हिडिओ रेंडर करायला (म्हणजे त्याची अंतिम फाइल तयार करायला) लावला किंवा एखादा मोठा गेम सुरू केला की थोड्याच वेळात संगणक एकाएकी बंद पडतो, एरवी मात्र त्याची काही तक्रार नसते. अशा वेळी बहुतेक जण विंडोज नव्याने टाकतात. त्यात दिवस जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

आधी तापमान पाहावे. एचडब्ल्यूइन्फोसारखे तापमान दाखवणारे मोफत साधन चालू ठेवून तेच काम पुन्हा करावे. अनेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश असते. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो आणि तरीही उष्णता आवरली नाही, तरच यंत्र बंद होते. म्हणून बंद पडण्याआधी काम मंदावत होते का, हेही पाहावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ७० अंशांच्या आसपास असताना यंत्र बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतील) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मात्र त्याचा पुरावा नव्हे. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते.

दुसरी चूक थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणारा कूलर यांच्यामध्ये लावतात त्या लेपाची. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, हा समज चुकीचा आहे, कारण धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटी बुजवणे एवढेच तिचे काम असते आणि उष्णता वाहून नेण्यात ती धातूची बरोबरी करू शकत नाही. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा थेंब सहसा पुरतो. नव्या कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेला, असे जाणत्यांकडूनही घडते!

धूळ काढताना ब्लोअरच्या झोताने पंखा भन्नाट फिरू देऊ नये, पाते बोटाने धरून ठेवावे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये.

कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावणे हा उपाय नव्हे, पण चाचणी म्हणून उत्तम आहे: त्याने तापमान बरेच उतरले, तर आत हवा खेळत नाही हे नक्की. मात्र पंखा कशालाही खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. त्यामुळे जानेवारीत सुरळीत चालणारा संगणक नागपूरच्या मे महिन्यात बंद पडू लागला, तर लांबलचक रेंडर रात्रीवर ढकलणे हे प्रोसेसरसाठी नवा कूलर घेण्याहून स्वस्त पडते.