चाच्यांच्या दंतकथेवर कॉमिक काढताय? कोकण किनाऱ्यावरच्या या चुका टाळा

माझ्या पहिल्या कॉमिकच्या सतराव्या पानावर पौर्णिमेची मध्यरात्र होती. चंद्र डोक्यावर, ओहोटीने उघडी पडलेली वाळू आणि त्या वाळूवरून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे लपतछपत निघालेली दोन माणसं. हे पान मला फार आवडलं होतं. छापायच्या आधी कच्ची पानं एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे नावेवरच्या खलाशांच्या प्रमुखांना, दाखवली. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, पुनवेची रात्र आहे ना ही, मग पाणी कुठं गेलं?

किनाऱ्यावर ज्याला त्याला ठाऊक असलेला हिशेब मला माहीत नव्हता. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे पुनवेच्या मध्यरात्री पाणी पुरतं चढलेलं असतं, तेही उधाणाचं. माझी दोन्ही माणसं बुडाली असती.

ते पान मी पुन्हा काढलं. मध्यरात्री ओहोटी हवी तर भरती सहाच्या सुमारास हवी, म्हणजे तिथी अष्टमीच्या आसपासची. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, जमिनीच्या बाजूने, माणसांच्या पाठीमागून. शिवाय अष्टमीला भांगाची ओहोटी, पाणी पुरतं हटत नाही. त्यामुळे माणसं कोरड्या वाळूवरून न जाता कंबरभर पाण्यातून चालली आणि त्यांच्या लांब सावल्या त्यांच्याआधी किल्ल्याकडे सरकू लागल्या. आधीच्या चित्रापेक्षा हे कितीतरी भीतिदायक झालं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या विषयावरच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. आपण आपला किनारा परक्या जहाजाच्या डेकवरून बघतो. शब्द, जहाजं, कपडे, खजिना, सगळं तिकडून येतं. कॉमिक हे नजरेचं माध्यम असल्यामुळे ही चूक लपत नाही, प्रत्येक चौकटीत दिसते.

‘चाचा’ कोण म्हणतंय, हे न ठरवता सुरुवात करणं

इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे ‘पायरेट’ आहेत. मराठ्यांच्या दरबारात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. आज मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाचं नाव ‘आय.एन.एस. आंग्रे’ आहे. माणूस तोच. भांडणाचं मूळ दस्तकात होतं. या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने इथल्या सत्तेचा परवाना घ्यायचा, असा आंग्र्यांचा दावा होता. परवाना नसलेलं जहाज पकडलं जायचं. पकडणाऱ्याला ती जकात वाटायची आणि पकडलेल्याला लूट.

१७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका आंग्र्यांच्या आरमाराने पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या चकमकीत मारला गेला, त्याची बायको कैद झाली आणि पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आलं. हा प्रसंग कॉमिकसाठी सोन्यासारखा आहे. पण सांगणार कोण? ती बाई? गलबतावरचा वल्हेकरी? की रुपये मोजून घेणारा कारकून? हे ठरलं की पुढचं अर्धं काम आपोआप होतं. न ठरवता काढलं तर तिसऱ्या पानावर नायक खलनायक वाटू लागतो, मग सातव्या पानावर त्याच्या तोंडी लांबलचक खुलासे घालावे लागतात. तुमच्या कच्च्या प्रतीत असे खुलासे करणारे फुगे दिसले, तर ते संवाद दुरुस्त करत बसू नका. दृष्टिकोन दुरुस्त करा.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. किनाऱ्यावर खरेखुरे लुटारूही होते, सामान्य खलाशी आणि व्यापारी त्यांना भ्यायचे. मालवण आणि वेंगुर्ला १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले ते याच चाचेगिरीचं कारण पुढे करून. तुमच्या गावची दंतकथा कदाचित अशाच एखाद्या भीतीतून जन्मली असेल. तिला देशभक्तीचा मुलामा दिला की ती भीती मरते.

जहाज चुकलं की लढाई चुकते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या डोळ्यांसमोर येणारं चाच्यांचं जहाज म्हणजे उंच, तीन डोलकाठ्यांचं, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा असलेलं युरोपी जहाज. मराठी आरमाराची मुख्य जहाजं दोन, गुराब आणि गलबत, आणि दोन्ही तशी नव्हती.

गुराब लांबीच्या मानाने रुंद. बहुतेकींना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीनची ३०० टनांच्या आसपास. पुढे नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब बाहेर आलेली, आणि मोठ्या तोफा पुढच्या बाजूला, त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या. गलबत म्हणजे मोठी वल्ह्यांची नाव, क्वचितच ७० टनांच्या वर, तिला चाळीस-पन्नास वल्ही आणि एक मोठं तिकोनी शीड.

आता याचा चौकटींवर काय परिणाम होतो ते बघा. युरोपी जहाज कुशीने मारतं, म्हणून तिकडच्या लढाईची चित्रं आडवी असतात, दोन जहाजं एकमेकांना समांतर. गुराब तोंडाने मारते. म्हणजे ती शत्रूच्या पाठीमागून, जिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत तिथून, थेट त्याच्यावर येते. वारा पडला असेल तर गलबतं दोर बांधून तिला ओढत आणतात. आधी मारा शिडांवर आणि डोलकाठीवर, जहाज लंगडं करायला. मग गलबतं चहूबाजूंनी भिडतात आणि माणसं तलवारी घेऊन वर चढतात. ही लढाई खोलीत घडते, पानाच्या आतल्या बाजूकडून वाचकाकडे येते. उभ्या चौकटी, पुढे मोठी होत जाणारी नाळ, वल्ह्यांची लय, मागे वळून बघणारा सुकाणूवाला. हे सगळं मांडणीत आयतं मिळत असताना आडव्या समांतर जहाजांच्या चौकटी उसन्या घेण्याचं काहीच कारण नाही.

तुमचं लढाईचं पान मेल्यासारखं वाटत असेल तर आधी वाऱ्याची दिशा बघा. पान दोनवर शीड डावीकडे फुगलंय, पान तीनवर उजवीकडे, निशाण तिसरीकडेच फडफडतंय, असं झालं की वाचकाला कारण सांगता येत नाही, पण चित्रावरचा विश्वास उडतो. मी आता प्रत्येक पानाच्या कच्च्या आराखड्यावर कोपऱ्यात वाऱ्याचा बाण काढतो.

हंगामाचंही तसंच. आषाढातल्या वादळात भर समुद्रात लढाई दाखवायचा मोह होतो, कारण लाटा छान काढता येतात. पण पावसाळ्यात ही आरमारं दर्यात नसायची, जहाजं किनाऱ्याला ओढून, शाकारून ठेवलेली असायची. दर्या उघडतो तो नारळी पौर्णिमेच्या सुमारास. वादळ हवंच असेल तर ते किनाऱ्यावर घडवा. बांधून ठेवलेल्या गलबताचा दोर तुटतोय, हे दृश्यही कमी नाही.

पार्श्वभूमीतली झाडं आणि छपरं

१७१० सालच्या किनाऱ्यावर सुरूचं बन काढू नका. सुरू आपल्या किनाऱ्यावर लावला गेला तो एकोणिसाव्या शतकात. माड, पोफळी, केवडा, उंडी काढा. मंगळुरी कौलंही नकोत, त्यांचे कारखाने १८६० च्या दशकात सुरू झाले. झावळ्यांची आणि गवताची छपरं, फार तर नळीची कौलं. मोबाइलमध्ये आज काढलेले फोटो समोर ठेवून चित्र काढलं की या दोन गोष्टी हमखास आत शिरतात.

डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट, कवटीचं निशाण याबद्दल वेगळं सांगायला नको. पण खजिन्याबद्दल सांगतो. सोन्याच्या नाण्यांची पेटी हीसुद्धा उसनीच. पकडलेल्या जहाजांवर बहुतेकदा कापड, मिरी, तांदूळ असा माल असायचा. भुकेल्या गावात लुटीचा तांदूळ रात्रीतून उतरवला जातोय, या चित्रात पेटीभर मोहरांपेक्षा जास्त गोष्ट आहे.

सगळे पुस्तकी बोलतात

विजयदुर्गचा खलाशी आणि अलिबागचा खलाशी एक बोली बोलत नाहीत. सिंधुदुर्गात मालवणी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी. सरसकट ‘कोकणी माणूस’ म्हणून सगळ्यांच्या तोंडी मालवणी घातली, तर रायगडातला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. ज्या गावची गोष्ट, त्याच गावच्या माणसाकडून संवाद वाचून घ्या, मोठ्याने. जिथे तो अडखळतो तिथे तुमचं वाक्य खोटं आहे.

पण प्रत्येक फुगा बोलीत भरू नका. ‘खंय’, ‘माका’ असे ओळखू येणारे शब्द आणि वाक्याची ठेवण एवढ्यानेही माणूस उभा राहतो. जहाजावरचे शब्द मात्र कधीही सोपे करू नका. नाळ, परबाण (शीड बांधायची काठी), सुकाणू, तांडेल, वल्ही, उधाण, भांग. संदर्भातून ते कळतात, आणि हेच शब्द गोष्टीला खारट वास देतात. आवाजांचंही तेच. बोटीला लागणाऱ्या पाण्याला ‘चुबुक चुबुक’ आहे, झावळ्यांना ‘सळसळ’ आहे.

अक्षरं फुग्यात मावत नाहीत

ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. कारण असं की फुगे इंग्रजी कॉमिकच्या मापाने काढलेले असतात. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींच्या मध्ये जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आधी अक्षरं बसवा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा, आणि हे कच्च्या पेन्सिलीच्या वेळीच करा. तरी मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, वाक्य कापा.

जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीची रचना निवडावी लागते. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरी सहसा नीट उमटते. फाँट मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देतो का तेही बघा. मुक्त परवान्याच्या फाँटमध्ये टिरो देवनागरी मराठी या कामाचा आहे, जरी तो मला फुग्यांपेक्षा निवेदनाच्या चौकटीत जास्त शोभतो.

आणि एक चूक जी समुद्राच्या गोष्टीत डोंगर उभे करते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘किनाऱ्यावर’, ‘वाऱ्याने’ यांत तो आडवा, पापणीसारखा र हवा, आणि ‘दर्या’त रफार. काही फाँटना पापणीचा र जमतच नाही. म्हणून फाँट ठरवायच्या आधी एकच ओळ टाइप करून बघा: ‘दर्यावरच्या वाऱ्याने किनाऱ्यावरची दारं खडखडली.’ ती नीट उमटली तरच पुढे जा.

दंतकथा कुणाची?

तोंडोतोंडी आलेली गोष्ट सगळ्यांची असते. पण आपण जिला दंतकथा समजतो ती कधीकधी एखाद्या कादंबरीकाराने रचलेली असते, आणि गावातल्या लोकांनीही ती वाचूनच सांगायला सुरुवात केलेली असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे एकाच गोष्टीची तीन-चार माणसांकडून वेगवेगळी रूपं ऐका. जो तपशील सगळ्यांकडे शब्दशः सारखा येतो, त्याच्याबद्दल शंका घ्या, तो छापील पुस्तकातून आलेला असू शकतो. खरी मौखिक गोष्ट प्रत्येक घरात थोडी वाकडी असते. एका आजींच्या गोष्टीत चाचा बुडतो, शेजारच्या घरात तो साधू होऊन परत येतो. कुठलं खरं ठरवायच्या मागे न लागता दोन्ही शेवट ठेवता येतात का ते बघा.

गोष्टीतल्या घराण्याचे वंशज गावात राहत असतील तर कच्ची पानं आधी त्यांना दाखवा. परवानगीसाठी म्हणून नव्हे, त्यांच्याकडे असलेला तपशील दुसऱ्या कुणाकडेच नसतो म्हणून. आणि इतिहास कुठे संपला, तुमची कल्पना कुठे सुरू झाली, हे पुस्तकाच्या शेवटी अर्ध्या पानात स्पष्ट लिहा. नाहीतर दहा वर्षांनी तुमचं कॉमिकच पुरावा म्हणून कुणीतरी दाखवेल.

छपाईला जाताना

मध्ये पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. २६ पानांची गोष्ट घेऊन गेलात तर दोन कोरी पानं तरी मिळतील किंवा दोन पानं कापावी लागतील. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र, ठेवा. काळ्या रेषांची पानं ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या मापाने, द्या. फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईची ठेवा, चार शाया मिसळून केलेल्या काळ्यात बारीक मात्रा धूसर होतात.

राहिला रात्रीचा समुद्र. पडद्यावर जो गडद, चमकता निळा दिसतो तो छपाईच्या चार शायांत उतरत नाही, मळकट जांभळा होतो. रंगवायला बसतानाच सीएमवायकेत, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत, काम करा, निळ्यातली मॅजेंटा (गुलाबी शाई) कमी ठेवा, आणि सगळी पानं छापायला देण्याआधी फक्त रात्रीच्या एका पानाचा नमुना त्याच कागदावर काढून घ्या. तो दिव्याखाली बघू नका, दुपारी बाहेर उन्हात धरून बघा. पाण्यातली माणसं त्यातही दिसली पाहिजेत.