शैक्षणिक इलेक्ट्रॉनिक खेळ निवडताना: मुद्दाम चुकून पाहा

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अक्षरे, अंक किंवा आकार शिकवणारा इलेक्ट्रॉनिक खेळ घ्यायचा असेल, तर खोक्यावरची आश्वासने वाचण्याआधी दुकानातच तो सुरू करून मुद्दाम चुकीची उत्तरे द्यावीत. बरोबर उत्तराला टाळ्या सगळेच खेळ वाजवतात. खरा फरक कळतो तो चुकीच्या उत्तरानंतर. काही खेळण्यांत चुकल्यावर वाजणारा आवाज इतका गमतीदार असतो की मूल तो ऐकण्यासाठीच पुन्हापुन्हा चुकीचे बटण दाबते आणि घरातल्यांना वाटते की त्याला अंक येत नाहीत. जो खेळ शांतपणे पुन्हा विचारतो, एखादा पर्याय कमी करतो किंवा उत्तराकडे नेणारी खूण दाखवतो, तो घ्यावा.

मराठी शिकवणारा खेळ असेल तर डोळे मिटून ऐकावा. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतला च, ‘जहाज’ आणि ‘जीभ’ यांतला ज वेगवेगळा ऐकू येतो का, आणि ‘बाळ’मधला ळ नीट उच्चारला आहे का, एवढे तपासले तरी पुष्कळ कळते. नुसत्या हिंदी साच्यावर मराठी चित्रे चिकटवलेली असतील तर ती इथेच उघडी पडतात. विसाच्या पुढचे अंक शिकवणाऱ्या खेळात आणखी एक अडचण असते: आपण ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी उच्चारतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो. त्यामुळे अंक बोलून दाखवतानाच दशक आणि एकक वेगळे करून दाखवणारा खेळ मराठी मुलाला अधिक उपयोगी पडतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले असावे. नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर इजा होऊ शकते. अशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आवाज कमी करण्याची सोय नसेल तर ते खेळणे घेऊ नये, कारण मुले ते कानाला लावतातच.

टॅबलेटवर किंवा संगणकावर खेळायचे असेल, तर ‘जीकॉम्प्री’ हा २००० साली सुरू झालेला, मुक्त (फुकट आणि सर्वांना खुला) असा शैक्षणिक खेळांचा संच पाहण्याजोगा आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात माऊस हाताळण्यापासून मोजणी आणि घड्याळ वाचण्यापर्यंत शंभराहून अधिक उपक्रम आहेत, आणि जाहिराती नाहीत. इतर फुकट अ‍ॅपमध्ये जाहिरातीचे फुली-चिन्ह मुलाच्या बोटाला सापडत नाही, म्हणून अ‍ॅप आधी स्वतः दहा मिनिटे खेळून पाहावे. मुलाच्या हातात देताना अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिन’ आणि आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ सुरू केले, की ते त्या खेळाबाहेर भटकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका बरा. माझ्या मते या वयाला एका बैठकीत पंधरा मिनिटे पुरेत, तीही शेजारी बसून. पडद्यावर पाच फुगे मोजून झाले की डब्यातले पाच शेंगदाणे मोजायला सांगावेत. ते जमले नाही, तर मुलाला पाच समजलेले नसून फक्त कुठे बोट लावायचे ते समजले आहे, असे धरून त्याच पायरीवर थांबावे. याउलट प्रश्न पुरा होण्याआधीच मूल उत्तर देऊ लागले, तर पुढची पायरी लावावी, आणि ती नसेल तर बॅटरी काढून तो खेळ शेजारच्या धाकट्या मुलाला द्यावा.