सांगलीत गेमिंग झोन सुरू करताना

तासावर पैसे घेऊन व्हिडिओ गेम खेळू देणारे दुकान काढायचे ठरले, की बहुतेकजण सर्वांत आधी प्लेस्टेशनच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राच्या, किमती पाहू लागतात. माझ्या मते पहिला हिशेब तासांचा करावा. या धंद्यात खुर्चीवरचा तास विकला जातो, आणि मंगळवारी दुपारी दोन ते तीन रिकामा गेलेला तास बुधवारी विकता येत नाही.

समजा, दुकानात सहा जागा आहेत, ते सकाळी अकरा ते रात्री अकरा उघडे असते आणि दर तासाला ६० रुपये आहे. दिवसाला विकण्याजोगे ७२ तास झाले. त्यांतला एक तृतीयांश भाग विकला गेला, तर २४ तासांचे १,४४० रुपये येतील आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ३७,४४० रुपये जमतील. यातून १०,००० भाडे, ७,००० वीजबिल, ९,००० कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार, १,२०० इंटरनेट आणि २,००० दुरुस्ती वजा केल्यास हातात ८,२४० रुपये उरतात. कर्जाचा हप्ता अजून यात धरलेलाच नाही. याच जागा निम्मा वेळ भरल्या, तर जमा ५६,१६० रुपयांवर जाते आणि खर्च फारसा वाढत नाही. आकडे आपापल्या भाड्यानुसार बदलावेत, पण कागदावर ही आकडेमोड केल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नये. शनिवार-रविवारची गर्दी कोणत्याही दुकानाला मिळते. धंदा तगतो तो कामाच्या दिवसांतल्या दुपारींवर. म्हणून सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंतच चालणारा दहा तासांचा पास कमी दरात द्यावा. फुटबॉलसारख्या खेळात एकाच मशीनवर दोघे ते चौघे बसतात, तेव्हा पहिल्या कंट्रोलरचा (हातात धरून खेळायच्या बटणांच्या यंत्राचा) दर पूर्ण आणि पुढच्या प्रत्येक कंट्रोलरचा दर कमी ठेवावा. हा दरफलक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला, की काउंटरवरची निम्मी हुज्जत टळते.

जागा निवडताना सांगलीकराला महापुराची गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ या भागांत तळमजल्याचा गाळा स्वस्तात मिळत असेल, तर त्या वर्षी भिंतीवर पाणी कुठवर चढले होते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारूनच करार करावा. विश्रामबाग मला अधिक योग्य वाटते, कारण विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही महाविद्यालये तिथे आहेत आणि मुले तासांच्या मधल्या वेळेत चालत येऊ शकतात. पहिल्या मजल्याचे भाडे कमी असते हे खरे. तरीही रस्त्यावरून काचेतून आतले दिसेल असा तळमजला मिळाल्यास थोडे जास्त भाडे मोजावे. त्याचे कारण पुढे येईल.

गाळा ठरल्यावर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवावे आणि रंगाऱ्याला नंतर. एक प्लेस्टेशन ५ आणि एक मोठा टीव्ही मिळून सुमारे ३०० वॅट घेतात, म्हणजे सहा जागांचे १,८०० वॅट झाले. त्यावर दीड टनाचा एसी धरला, तर भार तीन किलोवॅटच्या पुढे जातो. छोट्या गाळ्याचा मंजूर भार पुष्कळदा याहून कमी असतो, तेव्हा महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधीच करावा. घरगुती मीटरवर दुकान चालवणे हा वीज कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची दंडासह वसुली होते. सहा जागांना किमान दोन वेगळ्या एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) द्याव्यात, अर्थिंग तपासून घ्यावे आणि पावसाळ्यात वीज ये-जा करते म्हणून यूपीएस घ्यावा. गेम सेव्ह होत असताना वीज गेली, तर गिऱ्हाइकाची आठवड्याची प्रगती पुसली जाऊ शकते, आणि त्याचा राग दुकानावरच निघतो.

सुरुवातीला चार कन्सोल (प्लेस्टेशनसारखी गेम-यंत्रे) आणि दोन पीसी पुरेत. कन्सोलवर फुटबॉल, क्रिकेट, टेकनसारखे मारामारीचे आणि कुस्तीचे खेळ जास्त चालतात. पीसीवर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे बंदुकीचे खेळ. गेम विकत घेताना परवान्याचा विचार करावा, कारण कन्सोलच्या खात्याच्या अटी सहसा खासगी वापरापुरत्या असतात आणि व्यवसायासाठी वेगळी परवानगी लागते. पीसीसाठी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाची खास गेमिंग कॅफेंकरिता योजना आहे. क्रॅक केलेला गेम मशीनमध्ये भरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवसांच्या कैदेची आणि ५०,००० रुपयांपासून पुढे दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा फाइलींबरोबर व्हायरस येतो, तो वेगळाच.

देखभालीत सर्वाधिक पैसा कंट्रोलर खातो. हात लावलेला नसतानाही पडद्यावरचा खेळाडू सावकाश डावीकडे सरकू लागला, की समजावे कंट्रोलरची अंगठ्याने हलवायची काडी ‘ड्रिफ्ट’ मारते आहे. तिच्या बुडाशी असलेली प्रतिरोधाची पट्टी झिजलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यास काही आठवडे निभावतात, पण अखेर काडीचा भागच बदलून सोल्डरिंग करावे लागते. हे काम गावातला मोबाइल दुरुस्त करणारा करू शकतो; त्याला आधीच गाठून दर ठरवून ठेवावा. प्रत्येक दोन जागांमागे एक जादा कंट्रोलर कपाटात असावा, म्हणजे चालू खेळात गिऱ्हाइकाला ताटकळत बसावे लागत नाही. कन्सोल टीव्हीला जोडणारी एचडीएमआयची वायर टेबलाच्या पायाला बांधून टाकावी. कुणाच्या पायात अडकून ती ओढली गेली, तर कन्सोलचे पोर्टच तुटते आणि ते बदलणे महागात पडते. प्लेस्टेशन ५ चे बाजूचे झाकण काढले, की धूळ साठण्यासाठी केलेली भोके दिसतात. उन्हाळ्यात ती दर महिन्याला साफ करावीत.

कागदपत्रांचे काम वाटते तेवढे अवघड नाही, फक्त ते उद्घाटनाच्या आधी उरकावे. कामगार मोजकेच असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य होते आणि सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा, महापालिका आणि आपल्या हद्दीचे पोलीस ठाणे या तिन्ही ठिकाणी, व्हिडिओ गेम चालवण्यासाठी काय लागते, ते लेखी विचारून घ्यावे आणि उत्तराची पोच जपून ठेवावी. भांडवल कमी पडत असल्यास मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. पीसीवर इंटरनेट द्यायचे असेल, तर २०११ चे सायबर कॅफे नियमही वाचावेत: ओळखपत्र पाहणे, वापराची नोंद वर्षभर ठेवणे आणि बसायच्या कप्प्यांच्या आडभिंतींची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसणे, हे त्यांत आहे.

आता काचेविषयी. दहावीतल्या मुलाची आई एका संध्याकाळी माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली आणि आत न येता म्हणाली, “हितं नेमकं काय चालतंय, ते मला बघायचंय.” मी तिला खुर्ची दिली. तिने दहा मिनिटे मुलाचा फुटबॉल पाहिला, भिंतीवरचा दरफलक वाचला आणि जाताना सांगितले, “सातला घरी पाठवा त्याला.” सात वाजता आम्ही त्याला उठवले, पुढेही रोज उठवत राहिलो आणि महिन्याभरात तिच्या गल्लीतली आणखी तीन मुले यायला लागली. म्हणून पडदे, काळ्या फिल्मा आणि बंद कप्पे टाळावेत. शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलाला बसवू नये. जीटीएसारखा १८ वर्षांवरील खेळ लहान मुलाच्या हाती देऊ नये, मग तो कितीही हट्ट करो. सिगारेट, तंबाखू, गुटखा दारातच अडवावा.

‘हरेल तो तासाचे पैसे देईल’ अशी पैज मित्रांमध्ये सर्रास लागते आणि तिच्यातून पुढे रोख पैसे लावण्याची सवय लागते. तासाचे पैसे नेहमी ज्याच्या नावावर जागा आहे, त्याच्याकडूनच घ्यावेत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे आणि जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ पासून आहे. दुकानाच्या मशीनवर रमी किंवा तत्सम काही उघडलेले दिसले, तर त्या गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे परत करून त्याला त्याच क्षणी बाहेर काढावे.

दुकान एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघडावे. मार्चमध्ये परीक्षा असल्यामुळे जागा रिकाम्या राहतात, तर एप्रिल-मेच्या सुट्टीत दुपारीही मुले येतात आणि नव्या दुकानाचे नाव तोंडोतोंडी पसरते. त्याआधी एक दिवस सगळ्या मशीन, टीव्ही आणि एसी एकाच वेळी आठ तास चालवून पाहावेत. एमसीबी पडायची असेल, तर ती त्याच दिवशी पडावी.