चौकीवरच्या माणसांना लशीसाठी कसं तयार करायचं

मुकादम, सुपरवायझर, डेपोतले साहेब, ज्यांच्या हाताखाली रस्त्यावर राबणारी माणसं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोरोनात आमच्या सफाई चौकीवर जे उपयोगी पडलं, तेवढंच.

नकार देणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. १६ जानेवारी २०२१ ला दवाखान्यातल्या लोकांना लस सुरू झाली आणि फेब्रुवारीत आमचा नंबर लागला. डॉक्टर-नर्सच्या मागोमाग झाडूवाले, म्हणजे मानच की. पण एक मोटर लोडर, म्हणजे गाडीत कचरा भरणारा कामगार, मला म्हणाला, "मुकादम, हातमोजे वाटताना आम्ही शेवटी होतो. सुई टोचायला बरे आधी आठवलो?" अशा माणसाला पोस्टर दाखवून काय होणार? मोजे उशिरा आले हे आधी कबूल करा. नंतरच सांगा की बाधित घरातला कचरा तूच उचलतोस, म्हणून तुझं नाव वर आहे.

हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर "कोण कोण घेणार?" असं विचारू नका. एकाने मान हलवली की रांगच मान हलवते. बीटवर, म्हणजे वाटून दिलेल्या रस्त्यावर जाताना, चहाच्या टपरीवर, एकेकाला गाठा. आणि "का नको?" म्हणण्यापेक्षा "दुसऱ्या दिवशी ताप आला तर काय करशील?" असं विचारा. खरी गाठ तिथे सुटते.

कारण बहुतेकांचं भय सुईचं नव्हतंच, खाड्याचं होतं. कंत्राटी माणसाला एक दिवस घरी बसणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. लशीनंतर अंग मोडून येतं, कणकण येते, दंड दुखतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, पण त्या दंडाने ढकलगाडी कशी ओढायची? तेव्हा साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी नंबर लावा. एका बीटची सगळी माणसं एकदम पाठवू नका, निम्मी पाठवा. ज्याला ताप येईल त्याला हलकं काम किंवा भरपगारी दिवस मिळेल, हे वरच्यांकडून आधी कागदावर घ्या. तोंडी आश्वासनावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. हे एवढं जमलं की अर्धी चौकी आपणहून तयार होते.

अफवांवर फार वेळ घालवू नका. "माणूस नामर्द होतो" ही सगळ्यात जास्त फिरली. औषध महानियंत्रक सोमाणी यांनी ३ जानेवारीला मंजुरी जाहीर करतानाच ती निव्वळ बकवास असल्याचं सांगितलं होतं. तेवढं सांगा आणि पुढे चला. दारूचं विचारतील, चारचौघांत नाही, कोपऱ्यात घेऊन. दारूने लशीचा गुण जातो असा पुरावा नाही, हे सरळ सांगा. महिनाभर दारू बंद अशी अट घातलीत तर माणूस लसच बंद करेल. आणि रक्ताच्या गाठींचं विचारलं तर "तसं काही नसतं" म्हणू नका. फार क्वचित होतं, पण होतं. जोराची डोकेदुखी थांबेना, धाप लागली, पाय सुजला, तर लगेच दवाखाना, हेही त्याच वेळी सांगा. आपण काही लपवत नाही हे कळलं की लोक बाकीचंही ऐकतात.

मार्च २०२१ पर्यंत कोव्हॅक्सिन घेताना संमतीपत्रावर सही लागायची. ते बघून एक मावशी टेबलावरून उठल्याच. "सही कशाला? उद्या मेले तर तुम्ही सुटलात!" कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात उलटं होतं: गंभीर त्रास झाला तर सरकारी रुग्णालयात उपचार, आणि तो लशीमुळेच झाल्याचं ठरलं तर कंपनीची भरपाई. मावशी म्हणाल्या, "मग आधी का नाही वाचलंत?" सहीचा कागद केंद्रावर नाही, चौकीवरच आदल्या दिवशी वाचा.

नेताना दहा-दहा जण न्या. कोव्हिशील्डच्या कुपीत दहा डोस असायचे आणि उघडल्यावर चार तासांत संपवावे लागायचे, त्यामुळे पूर्ण दहा आले की केंद्रावरच्या सिस्टरही खूश. पहिला नंबर तुमचा नको, चौकीत ज्याचा शब्द चालतो अशा जुन्या कामगाराचा लावा. बीपी-शुगरवाल्यांनी रोजची गोळी चुकवायची नाही, उपाशीपोटी कुणी यायचं नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवतात. तिथून कुणी बिडीला सटकलं तर परत आणून बसवा.

"लस नाही तर पगार नाही" ही धमकी मात्र देऊ नका. पहिला डोस भीतीने होईल, दुसऱ्याला तोच माणूस गावी निघून जाईल. तसंही दुसऱ्या डोसला गळती लागतेच: कोव्हिशील्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मग ६ ते ८, आणि मे महिन्यात १२ ते १६ झालं. दर वेळी लोकांना वाटायचं की फसवतायत. प्रत्येकाची तारीख मस्टरशेजारी भिंतीवर लावा, बदलली की खोडून नवी लिहा आणि का बदलली तेही सांगा. मोबाइल नंबर शक्यतो ज्याचा त्याचाच द्या, पोराचा दिला तर मेसेज पोराकडेच राहतो. प्रमाणपत्रावरचं नाव आधारशी जुळतंय का, ते केंद्रावरून निघण्याआधीच बघून घ्या.